निर्णय कुठे होतो?



व्याख्यानमालेच्या संयोजकांनी मला दिलेला विषय आहे ‘संस्थांमधील प्रकल्प व्यवस्थापनाची मूलतत्त्वे’. या विषयावर आज पुस्तकं, प्रमाणपत्रं आणि शनिवार-रविवारचे वर्ग इतके झाले आहेत, की माझ्या तासाभराने त्यात काही भर पडणार नाही. तेव्हा मी तत्त्वांची यादी वाचणार नाही. एकच प्रकल्प घेऊन बसणार आहे. तुमच्यातले अनेक जण ज्या गाडीने गणपतीला गावी जातात, ती कोकण रेल्वे.

कोकण रेल्वेचं कौतुक आपल्याकडे पुष्कळ झालं आहे आणि ते योग्यच आहे. पण त्या कौतुकाची एक ठरलेली वाट आहे. ई. श्रीधरन नावाचे निष्कलंक, शिस्तप्रिय अधिकारी होते म्हणून हे झालं, असं म्हणायचं आणि हात जोडायचे. श्रीधरन मोठेच आहेत. पण सगळं श्रेय एका माणसाच्या चारित्र्याला दिलं की बाकीच्यांची आयती सुटका होते. ‘आमच्याकडे श्रीधरन नाहीत’ एवढं म्हटलं, की आपला रखडलेला प्रकल्प रखडत ठेवायला कारण मिळतं. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संस्थेची रचना कशी बांधली होती, हे मात्र कुणी विचारत नाही. मला आज तेवढंच विचारायचं आहे.

आधी एक फरक स्पष्ट करतो. रेल्वे चालवणं हे नित्याचं काम आहे. कालची गाडी ज्या नियमाने सुटली त्याच नियमाने आज सुटली पाहिजे. तिथे कुणी नवं डोकं चालवू नये, हेच प्रवाशांच्या हिताचं. प्रकल्पाचं तसं नसतं. त्याला सुरुवात असते, शेवट असतो, आणि मधलं बरंचसं काम त्या माणसांनी त्या जागी पहिल्यांदाच करायचं असतं. अडचण अशी, की ही दोन्ही कामं बहुधा एकाच संस्थेकडे असतात आणि नित्याच्या कामाच्या सवयी प्रकल्पात शिरतात. फाईल पाच टेबलांवरून जाणं, प्रत्येकाने आपल्यापुरतं टिपण जोडणं, वरिष्ठांचं मत आल्याशिवाय पुढे न सरकणं, या सवयी मुळात वाईट नाहीत. पैशाची आणि जिवाची काळजी म्हणूनच त्या जन्मल्या. फक्त बोगद्याच्या तोंडाशी चिखल वाहून येत असताना त्या उपयोगी पडत नाहीत.

कोकणात रेल्वे यावी ही मागणी फार जुनी. अ. ब. वालावलकरांनी त्यासाठी आयुष्य वेचलं. बॅ. नाथ पै आणि त्यांच्या मागून प्रा. मधु दंडवते यांनी संसदेत हा विषय कधी थंड होऊ दिला नाही. तरी लोहमार्ग पुढे सरकला तो कसा? १९६६ मध्ये आपट्यापर्यंत, १९८६ मध्ये रोह्यापर्यंत. दोन्ही गावं आजच्या रायगड जिल्ह्यातली! एवढ्या अंतराला वीस वर्षं लागली, ती अभियंते आळशी होते म्हणून नव्हे. रेल्वे अर्थसंकल्पात दरवर्षी देशभरच्या नव्या मार्गांना थोडा थोडा पैसा मिळायचा. कुणालाच उपाशी ठेवायचं नाही आणि कुणाचंच पोट भरायचं नाही, असा तो न्याय. त्या गतीने रेल्वे मंगळूरला कधी पोहोचली असती, याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

१९८९ च्या डिसेंबरात विश्वनाथ प्रताप सिंह यांचं सरकार आलं. जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री झाले, ते मूळचे मंगळूरचे. अर्थमंत्री झाले दंडवते, राजापूरचे खासदार. नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष रामकृष्ण हेगडे, तेही उत्तर कन्नडचे. किनाऱ्याच्या इतक्या माणसांच्या हाती एकाच वेळी किल्ल्या येण्याचा योग पुन्हा आलेला नाही. पण या योगाचं त्यांनी काय केलं, ते महत्त्वाचं. त्यांनी अर्थसंकल्पातली तरतूद वाढवली आणि थांबले, असं झालं नाही. १९ जुलै १९९० रोजी कोकण रेल्वे महामंडळ ही वेगळी कंपनी स्थापन झाली. तिच्या भांडवलात रेल्वे मंत्रालयाचे ५१ टक्के, महाराष्ट्राचे २२, कर्नाटकाचे १५, गोवा आणि केरळचे प्रत्येकी ६ टक्के. उरलेला मोठा पैसा रोखे काढून बाजारातून उभा करायचा होता. १५ सप्टेंबरला रोह्याला पायाभरणी झाली आणि नोव्हेंबरात ते सरकार कोसळलं.

पुढे बघा काय झालं. १९९० ते १९९८ या काळात देशाने सहा पंतप्रधान पाहिले, पण मार्गाचं काम थांबलं नाही. कारण कंपनीला स्वतःचं भांडवल होतं, चार राज्यांचा पैसा त्यात अडकला होता आणि रोखेधारकांचं व्याज दर वर्षी द्यावं लागत होतं. एकूण खर्च साडेतीन हजार कोटींच्या आसपास गेला, त्यात हजार कोटींहून अधिक रक्कम केवळ पैसा उभा करण्याच्या खर्चाची. कोकण रेल्वेच्या घाईला लोक ध्येयवाद म्हणतात. त्यात ध्येयवाद होताच, पण दिवसागणिक वाढणारं व्याजही होतं. पैसा कुठून येतो आणि कोणत्या तालात येतो, यावर माणसं किती वेगाने निर्णय घेतात हे ठरतं. प्रकल्प व्यवस्थापनाच्या पुस्तकांत हे प्रकरण फार मागे असतं. मला विचाराल तर ते पहिलं हवं.

याच सुमाराचं दुसरं उदाहरण आपल्याच राज्यातलं. वैनगंगेवरच्या गोसीखुर्द प्रकल्पाला १९८३ मध्ये मंजुरी मिळाली तेव्हा अंदाज ३७२ कोटींचा होता. १९८८ मध्ये पंतप्रधान राजीव गांधींच्या हस्ते भूमिपूजन झालं. भंडारा, नागपूर आणि चंद्रपूर या जिल्ह्यांतली अडीच लाख हेक्टर जमीन भिजायची होती. पुढे त्याला राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला, अंदाज अठरा हजार कोटींच्या पुढे गेला, धरणात पाणी आलं, आणि कालव्यांची, पुनर्वसनाची कामं मागे राहिली. विदर्भातल्या अभियंत्यांना कमी कळतं, असं कोणी म्हणणार नाही. पैसा तुकड्यांनी आला, बुडणाऱ्या गावांचा प्रश्न शेवटाकडे ढकलला गेला, आणि संपूर्ण कामासाठी एका तारखेला एक माणूस उत्तरदायी आहे, अशी व्यवस्थाच नव्हती.

आता कोकण रेल्वेच्या आतल्या रचनेकडे येतो.

रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत सुमारे ७४० किलोमीटर. मुख्यालय बेलापूरला. मार्गाचे सात भाग केले गेले: महाड, रत्नागिरी उत्तर, रत्नागिरी दक्षिण, कुडाळ, पणजी, कारवार आणि उडुपी. प्रत्येक भाग साधारण शंभर किलोमीटरचा आणि प्रत्येकावर एक मुख्य अभियंता. मुख्य अभियंता हा रेल्वेतला बराच वरचा हुद्दा आहे. तो माणूस मुख्यालयात, पंख्याखाली बसतो असा रिवाज. इथे तो कुडाळला, महाडला, कारवारला जाऊन राहिला आणि सही करण्याचा अधिकार सोबत घेऊन गेला. निविदा, जमीन, ठेकेदाराशी वाद, आराखड्यातला जागेवरचा फेरफार, यांतलं पुष्कळसं तो तिथेच निकालात काढू शकत होता. बेलापूरने स्वतःकडे काय ठेवलं? पैसा उभा करणं, तांत्रिक मानकं ठरवणं, यंत्रसामग्रीचे मोठे निर्णय, आणि दिल्लीला तोंड देणं. यातलं शेवटचं काम छोटं समजू नका. वरून येणारा दबाव वरच अडवणारा माणूस नसेल, तर खालच्या अधिकाराला काडीची किंमत राहत नाही.

अधिकार कामाच्या जागी हवा, ही गोष्ट श्रीधरन यांना फार आधी उमगली असावी. १९६४ च्या डिसेंबरात वादळाने पांबनचा रेल्वेपूल मोडला, रामेश्वरमशी संपर्क तुटला. दुरुस्तीला सहा महिन्यांची मुदत ठरली होती, वरिष्ठांनी ती तीन महिन्यांवर आणली, आणि तरुण श्रीधरन यांनी ते काम ४६ दिवसांत पुरं केलं. ही कथा सांगताना आपण ४६ या आकड्यापाशी थांबतो. पण ते शक्य झालं कसं? नवे गर्डर देशभरातून गोळा करून आणायचे, असा आधीचा बेत होता. वाहून गेलेले गर्डर समुद्राच्या तळाशी पडलेले आहेत, ही खबर कोळ्यांकडून मिळाली आणि तेच उचलून वापरायचं ठरलं. कोळ्याची खबर ज्याच्या कानावर पडते, त्याच्याच हाती बेत बदलण्याचा अधिकार असला की असं होतं. खबर चेन्नईला जाऊन, तिथून दिल्लीला जाऊन परत आली असती, तर सहा महिनेसुद्धा पुरले नसते.

इथे त्या प्रसिद्ध उलट्या घड्याळाबद्दल बोललं पाहिजे. काम पुरं व्हायला किती दिवस उरले हे दाखवणारी घड्याळं श्रीधरन यांनी कार्यालयांत लावली आणि नंतर ती दिल्ली मेट्रोतही गेली. पुढे देशभर अनेकांनी त्यांची नक्कल केली. माझं स्पष्ट मत असं, की कोकण रेल्वेतून सर्वांत जास्त उचललं गेलेलं आणि सर्वांत कमी महत्त्वाचं काही असेल, तर ते हे घड्याळ. घड्याळ बाजारात मिळतं. कनिष्ठाच्या सहीची मर्यादा वाढवायची तर वरिष्ठाला स्वतःचं काहीतरी सोडावं लागतं. म्हणून भिंती घड्याळांनी सजल्या आणि सह्या होत्या तिथेच राहिल्या.

नियोजनाचं शास्त्र मी कमी लेखत नाही. हेन्री गँट यांचे तक्ते शंभर वर्षांपूर्वीचे आहेत. १९५७ च्या सुमारास अमेरिकेत ड्यूपाँ या रसायन कंपनीत ‘क्रिटिकल पाथ’ची पद्धत तयार झाली आणि लगेच १९५८ मध्ये अमेरिकी नौदलाने पोलारिस क्षेपणास्त्रांसाठी ‘पर्ट’ वापरात आणली. दोन्हींचा गाभा सोपा आहे. हजार कामांतली काही मोजकी कामं अशी असतात, की त्यांना एक दिवस उशीर झाला तर सगळ्या प्रकल्पालाच एक दिवस उशीर होतो. बाकीच्यांना थोडी सवड असते. लग्नघरात मांडव, आचारी, बँड सगळं वेळेवर आलं तरी भटजी येईपर्यंत अक्षता पडत नाहीत. व्यवस्थापकाने नजर ठेवायची ती भटजीवर.

पण कोकणात भटजी कोण, हेच आधी कळलं नव्हतं. कागदावर बघितलं तर भीती वाटावी अशी कामं वेगळीच होती. होन्नावरला शरावतीवर दोन किलोमीटरहून लांब पूल. रत्नागिरीजवळ पानवलला ६४ मीटर उंचीचा पूल, ज्याचा वरचा भाग एका टोकाला ओतून पुढे ढकलत नेण्याची पद्धत भारतात प्रथमच वापरली गेली. करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा. ही सगळी कामं अवघड खरी, पण ती हिशेबात बसणारी होती. कठीण कातळ दगा देत नाही. स्वीडनहून आणलेली यंत्रं भोकं पाडतात, सुरुंग उडतात, रोज ठरावीक मीटर पुढे सरकता येतं. सह्याद्रीचा कातळ अभियंत्याला एक प्रकारे शब्द देतो आणि पाळतो.

दगा दिला तो मऊ मातीने. नव्वदहून अधिक बोगद्यांपैकी नऊ बोगदे भुसभुशीत, पाण्याने भिजलेल्या चिकणमातीतून जात होते. तिथे सुरुंग नाही आणि मोठं यंत्रही नाही. हाताने थोडं खणायचं, टेकू द्यायचा, आणि रात्री पाण्यासकट माती आत आली की पुन्हा तेच. गोव्यात पेडण्याचा बोगदा लांबीने दीड किलोमीटरच्या आसपास, म्हणजे करबुड्याच्या पाव हिस्सा. सगळ्या मार्गाचा शेवट ठरवला तो त्याने. या नऊ बोगद्यांनी एकोणीस माणसांचे जीव घेतले. हा आकडा तक्त्यात कुठेच मांडता येत नाही, म्हणून तो इथे मोठ्याने म्हणतो आहे.

पेडण्याला जास्त माणसं लावून काम वेगाने का झालं नाही? बोगद्याचं तोंड जेवढं रुंद तेवढीच माणसं तिथे उभी राहू शकतात. संगणक क्षेत्रातल्या मंडळींना फ्रेडरिक ब्रुक्स यांचं १९७५ चं पुस्तक ठाऊक असेल. मागे पडलेल्या सॉफ्टवेअर प्रकल्पात माणसं वाढवली की तो आणखी मागे पडतो, असं त्यांनी आयबीएममधल्या अनुभवावरून मांडलं. कारण नव्यांना समजावण्यात जुन्यांचा वेळ जातो. हिंजवडीत काय आणि पेडण्यात काय, कामाच्या तोंडाशी जागा मोजकीच असते. तरीही उशीर झाल्यावर वरिष्ठ पहिला प्रश्न विचारतात तो हाच: ‘आणखी किती माणसं देऊ?’

आता माणसांविषयी, म्हणजे ज्यांच्या दारातून हा मार्ग गेला त्यांच्याविषयी. चाळीस हजारांहून अधिक जमीनमालकांकडून जमीन घ्यायची होती. कोकणातली जमीन म्हणजे गुंठ्यांचे तुकडे, सातबाऱ्यावर पंधरा नावं आणि त्यातली दहा मुंबईला. तरी महाराष्ट्रात हे काम आश्चर्य वाटावं इतक्या लवकर झालं, कारण कित्येक पिढ्यांना ही गाडी हवी होती. गोव्यात चित्र वेगळं होतं. मार्गाच्या आखणीवरून तिथे मोठं आंदोलन उभं राहिलं. खाजणाच्या शेतीतून, दाट वस्तीजवळून, जुन्या गोव्याच्या वारशाजवळून भराव नेण्याला लोकांचा विरोध होता. मार्ग आतल्या डोंगरी भागातून न्यावा, अशी त्यांची मागणी होती. १९९३ मध्ये केंद्राने वादग्रस्त टप्प्यातलं काम थांबवून न्या. ओझा यांचा आयोग नेमला. पुढे काम मूळ आखणीच्या जवळपासच सुरू झालं, पण गेलेला वेळ गेला. पाच वर्षांचं लक्ष्य होतं आणि संपूर्ण मार्ग खुला झाला तो २६ जानेवारी १९९८ ला.

प्रकल्पाची बाजू सांगणारे या प्रकरणाला ‘अडथळा’ म्हणतात. मला ते पटत नाही. खाजण म्हणजे भरती-ओहोटीचं पाणी बांध आणि मानशी (पाणी अडवण्या-सोडण्याची दारं) यांनी आवरून शेती करण्याची शेकडो वर्षांची व्यवस्था. तिच्यात भराव घातला तर पाणी कुठे तुंबेल, हे तिथल्या कुळकाराला कोणाही सल्लागारापेक्षा जास्त कळतं. पांबनला कोळ्याचं ऐकलं गेलं. गोव्यात कुळकाराशी बोलणं झालं ते रेषा आखून झाल्यावर. निर्णय कामाच्या जागेजवळ आणायचा म्हणतो, तेव्हा तो फक्त आपल्या अभियंत्याजवळ आणून भागत नाही.

एक शहाणपण मात्र दाखवलं गेलं. सगळा मार्ग पूर्ण होण्याची वाट न बघता तयार होतील ते तुकडे वापरात आणले गेले. १९९३ च्या मार्चमध्ये ठोकूर ते उडुपी, जूनमध्ये रोहा ते वीर. लोकांना गाडी दिसली, आणि मार्ग चालवणाऱ्यांना पुढे काय वाढून ठेवलंय त्याची चुणूक मिळाली.

ते काय होतं? २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ दरड कोसळली, तिच्यावर गाडी आदळली आणि पन्नासच्या आसपास प्रवासी गेले. पुढच्याच वर्षी १६ जूनला महाड तालुक्यात करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्सप्रेसला तसाच अपघात झाला. त्यानंतर डोंगरकापणीचे उतार सौम्य करणं, जाळ्या बसवणं, गस्तीचे पहारेकरी वाढवणं, पावसाळ्यात गाड्यांचा वेग उतरवणं, ही कामं जोरात सुरू झाली. पावसाळ्याचं वेगळं वेळापत्रक आज आपल्या अंगवळणी पडलं आहे. म्हणजे प्रकल्पाच्या बिलाचा एक हिस्सा प्रकल्प ‘संपल्यावर’ आला, तोवर तो बांधणारी बरीच माणसं दुसऱ्या कामांवर गेली होती. श्रीधरन स्वतः १९९७ मध्येच दिल्ली मेट्रोकडे गेले होते. मी कुणावर ठपका ठेवत नाही. कोकणचा पाऊस आणि जांभा यांच्यासमोर कुठल्याही अंदाजाची परीक्षाच असते. पण यातून ‘काम संपलं’ हे कुणी ठरवायचं, या प्रश्नाचं उत्तर मिळतं. जो बांधतो त्याच्या एकट्याच्या सहीने ते ठरू नये. जो पुढची तीस वर्षं ते चालवणार, सांभाळणार, त्या गँगमनच्या आणि स्टेशन मास्तरच्या बाजूची सही पहिल्या आराखड्यापासून हवी.

आणि हो, कर्ज. ज्या रोख्यांनी वेग दिला, त्यांच्याच ओझ्याखाली महामंडळ नंतर अनेक वर्षं दबलेलं होतं. पैसा बाजारातून आणणं सगळीकडे चांगलंच, असा निष्कर्ष कृपया माझ्या नावावर खपवू नका.

तुमच्यापैकी कुणी साखर कारखान्यात आहे, कुणी नगरपालिकेत, कुणी बँकेत नवी संगणक प्रणाली बसवतो आहे, कुणी शाळेची इमारत बांधणाऱ्या समितीवर आहे. तुमच्याकडे बोगदे नाहीत. पण दर सोमवारचा अहवाल आहे, ज्यात सगळे रकाने हिरवे असतात आणि शेवटच्या महिन्यात एकदम लाल होतात. हे खोटारडेपणामुळे होतं असं मला वाटत नाही. लाल रंग भरणाऱ्याला त्यावर काही करण्याचा अधिकार नसतो, फक्त बोलणी खायची असतात. मग तो हिरवा भरतो. तुम्ही-आम्हीही तेच केलं असतं.

म्हणून एकच मागणं करतो आणि थांबतो. तुमच्या संस्थेत पुढची प्रकल्प समिती नेमली जाईल तेव्हा पहिल्या बैठकीत तारखांचा तक्ता नंतर काढा. आधी इतिवृत्तात तीन गोष्टी नावानिशी लिहून घ्या: जागेवर असलेला माणूस किती रुपयांपर्यंत आणि किती बदलांपर्यंत कुणालाही न विचारता निर्णय घेऊ शकतो, काम थांबवा असं म्हणण्याचा अधिकार कुणाला आहे, आणि पूर्ण झालेलं काम ताब्यात घेणारा कोण. अध्यक्षांनी त्याखाली सही करायला का-कू केली, तर त्या समितीवर जाऊ नका.